दारावरची पाटी : संगणकाचा पहिला पडदा आणि देवनागरी

१/
'नागपूर' आणि 'विदर्भ'. युनिकोडच्या हिशेबाने दोन्ही शब्द सारख्याच लांबीचे, प्रत्येकी सहा चिन्हांचे. पण लिनक्स संगणक सुरू होताना 'कोणती प्रणाली सुरू करायची?' असे विचारणारा जो पहिला पडदा येतो, त्यावर हे दोन शब्द लिहून पाहिले तर 'नागपूर' बऱ्यापैकी वाचता येते आणि 'विदर्भ' मोडून पडतो. एकाच यंत्रावर, एकाच लिपीत लिहिलेल्या दोन शब्दांच्या वाट्याला असे वेगवेगळे नशीब का यावे? हा थ्रेड त्या पडद्याच्या, म्हणजे बूट मेन्यूच्या इतिहासाचा. त्यात ५१२ बाइटांची एक खोली आहे, पुण्यात घडलेले एक कार्ड आहे आणि १८३१ सालचे एक पंचांगही आहे.

२/
आधी 'बूट' या शब्दाविषयी. पायातल्या बुटाच्या पट्ट्या धरून स्वतःच स्वतःला उचलणे, ही इंग्रजीतील अशक्यतेची एक जुनी कल्पना. १९५० च्या दशकात संगणकाच्या अभ्यासकांनी ती आपलीशी केली, कारण त्यांच्यापुढचा पेच नेमका तसाच होता. संगणकाला कोणत्याही कामासाठी प्रोग्राम लागतो. मग पहिला प्रोग्राम स्मृतीत आणण्याचे काम कोणत्या प्रोग्रामने करायचे?

१९७५ च्या अल्टेअर ८८०० या यंत्रावर हे काम माणूसच करीत असे. समोरच्या फळीवरील खटके वर-खाली करून पहिल्या काही आज्ञा तो एकेक करून आत भरी, आणि मग यंत्र पुढचे स्वतः वाचू लागे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये पूर्ण झालेल्या आणि १९६२ मध्ये 'टिफ्रॅक' असे नाव मिळालेल्या संगणकाला कागदी फितीवरून आज्ञा दिल्या जात. त्या काळी यंत्राने सुरू होताना माणसाला पर्याय विचारावेत, असा प्रश्नच नव्हता. यंत्र एक, आणि त्या घटकेला त्याच्यापुढे ठेवलेले काम एक.

३/
पर्यायाचा प्रश्न आला तो घरगुती संगणकात हार्ड डिस्क आल्यावर. आयबीएमचा पीसी १९८१ चा. १९८३ मध्ये डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर हार्ड डिस्कचे विभाग पाडण्याची सोय आली. एका डिस्कवर चार विभाग, म्हणजे तत्त्वतः चार वेगवेगळ्या प्रणाली एकत्र नांदू शकत होत्या. त्यांच्यातून निवड करणारा कारभारी मात्र अतिशय चिंचोळ्या जागेत बसवलेला होता.

डिस्कचा अगदी पहिला तुकडा ५१२ बाइटांचा. त्यातले ६४ बाइट चार विभागांच्या नोंदींसाठी राखीव, अखेरचे २ बाइट ओळखीच्या शिक्क्यासाठी. उरले ४४६. एवढ्यात पहिला प्रोग्राम मावला पाहिजे. तुलनेसाठी : या थ्रेडमधील एखादा मध्यम परिच्छेदही त्या जागेत मावणार नाही, कारण युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते. ४४६ बाइट म्हणजे जेमतेम दीडशे चिन्हे. पहिल्या पडद्याचा पुढचा सगळा इतिहास हा या कोठडीतून बाहेर पडण्याचा इतिहास आहे.

४/
१९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. सुरुवातीला तो फ्लॉपीवरून सुरू करावा लागे. १९९२ मध्ये व्हेर्नर आल्मेसबेर्गर यांनी 'लिलो' लिहिला आणि लिनक्स हार्ड डिस्कवर सुखाने राहू लागला, तोही बहुधा शेजारी डॉस किंवा विंडोज असताना.

लिलोची एक लकब जुन्या वापरकर्त्यांना आजही आठवत असेल. सुरू होताना तो आपल्या नावाची चार अक्षरे एकेक करून पडद्यावर उमटवी. प्रत्येक अक्षर म्हणजे एक टप्पा पार पडल्याची खूण. चारही अक्षरे आली की जीव भांड्यात पडायचा. दोनच अक्षरांवर गाडी थांबली, तर बिघाड कुठे आहे ते तेवढ्यावरून कळे. इतक्या कमी जागेत इतके बोलके निदान करणारा प्रोग्राम क्वचितच लिहिला गेला असेल.

पण लिलोला डिस्कवरील फायली वाचता येत नसत. लिनक्सचा गाभा डिस्कच्या कोणकोणत्या तुकड्यांवर ठेवला आहे, एवढे क्रमांक तो पाठ करून ठेवी. गाभा नवा बसवला आणि लिलोला पुन्हा पढवायचे राहून गेले, की पुढच्या वेळी तो जुन्याच पत्त्यावर जाऊन धडके. मेन्यूतील एक शब्द बदलायचा तरी तेच : फाईल दुरुस्त करा, मग लिलोची आज्ञा पुन्हा चालवा. पाटी होती, पण रंगाऱ्याला दर वेळी बोलवावे लागे.

५/
ही अडचण सोडवणारा माणूस वेगळ्याच कामाला निघाला होता. १९९५ मध्ये एरिक बोलिन यांना ग्नू प्रकल्पाची 'हर्ड' ही प्रणाली युटा विद्यापीठाच्या 'माक ४' गाभ्यासह सुरू करायची होती. त्या काळी प्रत्येक प्रणालीची सुरू होण्याची तऱ्हा निराळी आणि एकीचा दुसरीशी मेळ नाही. बोलिन आणि ब्रायन फोर्ड यांनी या गोंधळात आणखी एका तऱ्हेची भर घालायची नाही असे ठरवून 'मल्टिबूट' हा एक समान करार आखला. फ्रीबीएसडीचा तयार लोडर दुरुस्त करून हा करार त्याच्यात बसवण्याचा प्रयत्न बोलिन यांनी करून पाहिला; मग नवाच लिहिणे सोपे, असे त्यांच्या ध्यानात आले. तो नवा प्रोग्राम म्हणजे 'ग्रब'. भौतिकशास्त्रातील 'महा-एकीकृत सिद्धान्ता'च्या इंग्रजी नावावर केलेली ती कोटी आहे.

१९९९ मध्ये गॉर्डन मॅट्झिगकाइट आणि योशिनोरी ओकुजी यांनी ग्रबला ग्नूचा अधिकृत प्रकल्प म्हणून स्वीकारले. पुढे ओकुजींनी 'पुपा' या नावाने त्याची नव्याने मांडणी सुरू केली. तीच आजच्या ग्रब २ ची बीजरूप अवस्था. ऑक्टोबर २००९ च्या उबुंटू ९.१० मध्ये ग्रब २ नव्या बसवणुकीत रूढ झाला आणि जून २०१२ मध्ये त्याची २.०० ही आवृत्ती निघाली. लिलोचा विकास २०१५ च्या अखेरीस थांबला.

६/
ग्रबचा खरा पराक्रम कोणता? तो फायली वाचू शकत होता. ४४६ बाइटांत फक्त पहिला पाय ठेवायचा, तिथून पुढच्या मोठ्या भागाला हाक मारायची, आणि मग डिस्कवरील साधी मजकुराची फाईल उघडून तिच्यात जे लिहिले असेल ते पडद्यावर मांडायचे. मेन्यू हा प्रोग्रामचा भाग उरला नाही. तो मालकाने लिहिलेला मजकूर झाला. ज्याचे यंत्र, त्याच्या हाती पाटी. खाजगी संगणकाच्या इतिहासात या बदलाची म्हणावी तशी दखल घेतली गेलेली नाही.

आजच्या उबुंटूवर हे बदल कसे करतात, ते थोडक्यात. 'इटीसी' निर्देशिकेतील 'डिफॉल्ट' या कप्प्यात 'ग्रब' नावाची फाईल असते. तिच्यातील 'ग्रब_डिफॉल्ट' या ओळीने ठरते, की कोणी काहीच निवडले नाही तर कोणती प्रणाली सुरू व्हावी. 'ग्रब_टाइमआउट' ही वाट पाहण्याची सेकंदे. 'ग्रब_टाइमआउट_स्टाइल'ने मेन्यू दाखवायचा की लपवायचा ते ठरते. यंत्रावर एकटा उबुंटू असेल तर मेन्यू सहसा लपलेलाच असतो. सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून त्याला बाहेर काढावे लागते. बदल केल्यावर 'अपडेट-ग्रब' ही आज्ञा चालवायची, की सगळ्या तुकड्यांतून अंतिम फाईल नव्याने विणली जाते. त्या अंतिम फाईलच्या माथ्यावरच 'हिला हात लावू नका' अशा अर्थाची सूचना असते. तरीही लोक तीच फाईल दुरुस्त करतात आणि गाभ्याचे पुढचे अद्यतन आले की केलेली दुरुस्ती पुसली गेली म्हणून हळहळतात. आपल्या हाताने लिहिलेल्या नोंदींसाठी '४०_कस्टम' नावाची स्वतंत्र जागा ठेवलेली आहे. तिथले लिखाण टिकते.

७/
हा सगळा खटाटोप हौशी मंडळींपुरताच आहे, असे मात्र कोणी समजू नये. भारतात लिनक्सचा फार मोठा शासकीय वापर ज्या क्षेत्रात झाला, ते क्षेत्र न्यायालयांचे आहे.

सर्वोच्च न्यायालयाची ई-समिती २००४ च्या अखेरीस नेमली गेली, २००५ मध्ये राष्ट्रीय धोरण ठरले आणि २००७ पासून ई-कोर्ट्स प्रकल्पाचा पहिला टप्पा सुरू झाला. या प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरची वाट धरली : यंत्रावर उबुंटू लिनक्स, माहितीसाठ्यासाठी पोस्टग्रेस. खटल्यांच्या नोंदी ठेवणारी 'सीआयएस' ही प्रणाली घडली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे शाखेत. पुण्यात लिहिलेला हा प्रोग्राम देशभरच्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत पोचला. परवान्याचे पैसे वाचले, हा एक भाग. पण न्यायसंस्थेचे यंत्र कोणत्या प्रणालीने जागे व्हावे याचा निर्णय न्यायसंस्थेकडेच राहिला, हा अधिक महत्त्वाचा.

आणि या न्यायालयांची भाषा? १९९८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरली. नागपूरला या गोष्टीचे वेगळे वजन आहे. १९३६ पासून या शहरात स्वतःचे उच्च न्यायालय होते आणि १९६० पासून मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. तेव्हा लिनक्सवर नीट मराठी उमटणे, हा इथे छंदाचा विषय राहत नाही. पक्षकाराचे नाव, गावाचे नाव, जमिनीचा तपशील अचूक दिसला पाहिजे.

८/
मेन्यू मालकाने लिहायचा असेल, तर एक अवघड प्रश्न उभा राहतो. यंत्रासमोर बसलेला माणूस मालकच आहे, हे कशावरून?

ग्रबच्या मेन्यूत एखाद्या नोंदीवर 'ई' हे रोमन अक्षर दाबले, की ती नोंद तिथल्या तिथे बदलता येते. गाभ्याला द्यायच्या सूचनांत दोन-तीन शब्द वाढवले, तर एरवी परवलीच्या शब्दाशिवाय न मिळणारे सर्वाधिकार थेट हाती येतात. विसरलेला परवलीचा शब्द बदलण्यासाठी ही वाट अनेकांनी वापरली आहे. आणि चोरवाट म्हणूनही ती तितकीच सोपी. म्हणून ग्रबमध्ये मेन्यूलाच कुलूप घालण्याची सोय आहे. त्या कुलपाचीही एक गंमत झाली. डिसेंबर २०१५ मध्ये वालेन्सियाच्या तंत्रविद्यापीठातील एक्तॉर मार्को आणि इस्माएल रिपोल यांनी दाखवून दिले, की नाव विचारले जाते त्या जागी बॅकस्पेसची कळ २८ वेळा दाबली तर कुलूप गळून पडते. २००९ पासूनच्या आवृत्त्यांत ती चूक लपलेली होती. मोजणीचा आकडा शून्याच्या खाली जाऊ नये, याची तपासणी करायचे राहून गेले होते, एवढेच.

दरम्यान २०१२ च्या विंडोज ८ बरोबर 'सिक्युअर बूट' आले. आता स्वाक्षरी असलेलाच लोडर सुरू होणार, आणि बहुतेक यंत्रांवर ती स्वाक्षरी मायक्रोसॉफ्टची. लिनक्सच्या बाजूने 'शिम' नावाचा छोटा मध्यस्थ पुढे आला : त्याच्यावर मायक्रोसॉफ्टची सही, आणि तो पुढे ग्रबला ओळखणार. जुलै २०२० मध्ये 'बूटहोल' नावाचा दोष उघड झाला. तो ज्या ठिकाणी सापडला ते ठिकाण सूचक आहे. मालकाने लिहिलेली मेन्यूची फाईल ग्रब वाचतो, त्या वाचनातच चूक होती. फाईलमध्ये वाजवीपेक्षा लांब मजकूर घालून साखळीतील सारी तपासणी चुकवता येत होती. ज्या मोकळिकीमुळे ग्रब मोठा झाला, तीच त्याची दुखरी जागा निघाली.

याच सावधगिरीपोटी २०२१ च्या २.०६ आवृत्तीत डिस्कवरील इतर प्रणाली आपोआप हुडकणारा 'ओएस-प्रोबर' बंद ठेवण्यात आला. परिणामी उबुंटू २२.०४ बसवणाऱ्या अनेकांच्या मेन्यूतून विंडोज दिसेनासे झाले. ते डिस्कवर शाबूत असे. फक्त पाटीवरचे नाव गेलेले. 'ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर' या ओळीसमोर 'फॉल्स' लिहून 'अपडेट-ग्रब' चालवले की नाव परत येते.

९/
आता पुन्हा 'विदर्भा'कडे.

मूळच्या आयबीएम पीसीच्या पडद्यावर अक्षरे उमटवणारी चिप २५६ आकृत्या जाणत होती. पहिल्या १२८ जागांत इंग्रजी वर्णमाला, आकडे आणि चिन्हे. उरलेल्या १२८ त युरोपीय भाषांची काही अक्षरे, काही ग्रीक अक्षरे आणि चौकटी काढायच्या रेघा. देवनागरीला एकही घर नाही. यंत्र सुरू होताना पडद्यावर राज्य याच चिपचे. तेव्हा मराठीचा प्रश्न नुसत्या सॉफ्टवेअरने सुटणारा नव्हता. तो यंत्राच्या हाडामांसाचा होता.

यावर उपाय निघाला तोही यंत्राच्या पोटातूनच. आयआयटी कानपूरमध्ये आर. एम. के. सिन्हा, मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिपींसाठी जे काम केले, त्यातून 'जिस्ट' हे तंत्रज्ञान उभे राहिले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाल्यावर तांबे यांच्या नेतृत्वाखाली जिस्ट गट तेथे काम करू लागला. जिस्ट कार्ड संगणकाच्या खाचेत बसवले, की डॉसवर चालणारे, इंग्रजीसाठी लिहिलेले प्रोग्रामही देवनागरी दाखवू लागत. त्या प्रोग्रामांना आपण काय दाखवत आहोत याचा पत्ताही नसे. अक्षरांची मोडणी, जोडणी, वेलांटीचा क्रम, सगळे ते कार्ड सांभाळी.

१०/
जिस्टबरोबरच 'इस्की' ही संकेतप्रणाली आली : एक रूप १९८८ चे, भारतीय मानक म्हणून १९९१ चे. तिच्यात घेतला गेलेला एक निर्णय पुढच्या सगळ्या कथेचा कणा आहे.

देवनागरी साठवायची कशी? दिसते तशी की उच्चारली जाते तशी? 'वि' लिहिताना वेलांटी आधी दिसते, उच्चारात मात्र 'व' आधी येतो. 'र्भ' मध्ये रफार 'भ'च्या डोक्यावर बसतो, उच्चारात 'र' आधी. इस्कीने उच्चाराचा क्रम निवडला. आकृती कशी काढायची ते दाखवणाऱ्या यंत्रणेने पाहावे. साठवणीत फक्त ध्वनींचा क्रम राहील.

हा निर्णय दूरदृष्टीचा होता, यात शंका नाही. त्यामुळे मराठी मजकुराचा शोध घेता येतो, त्याला वर्णानुक्रम लावता येतो, आणि देवनागरीतील शब्द बंगालीत किंवा तेलुगूत उतरवणे सोपे जाते. युनिकोडचा देवनागरी विभाग १९८८ च्या इस्कीवरच बेतलेला आहे. आज मोबाइलवर टंकलेला प्रत्येक मराठी शब्द त्याच क्रमाने साठवला जातो.

पण त्या निर्णयाची किंमत अशी, की साठवण आणि दर्शन यांच्यामध्ये एक जाणकार दुभाषा कायम हजर असला पाहिजे. डॉसच्या काळात तो जिस्ट कार्डात होता. आजच्या लिनक्सवर तो 'हार्फबझ'सारख्या प्रोग्रामांत असतो. मात्र हे प्रोग्राम प्रणाली पूर्ण सुरू झाल्यावर जागे होतात. बूट मेन्यूच्या घटकेला दुभाषा अजून झोपलेला असतो.

११/
ग्रब २ मुळातच युनिकोडवर उभा आहे. त्याची अक्षरे येतात 'युनिफॉन्ट'मधून. रोमन चिबोरा यांनी १९९८ मध्ये सुरू केलेला हा फॉन्ट, प्रत्येक चिन्ह ठिपक्यांच्या जाळीत बसवलेले : ८ गुणिले १६ किंवा १६ गुणिले १६. त्यात देवनागरी आहे. ग्रबचे स्वतःचे फॉन्टचे स्वरूप तर अगदी साधे : एका संकेतांकाला एक आकृती. जोडाक्षरांसाठी त्यात तक्ताच नाही. अरबीत अक्षर शब्दात कुठे येते त्यावरून त्याचा आकार बदलतो, पण त्या आकारांना युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेतांक दिलेले आहेत. त्यामुळे अरबीची सोय ग्रबला करता आली. देवनागरीच्या जोडाक्षरांना असे वेगळे संकेतांक नाहीत, कारण इस्कीच्या तर्काने त्यांची गरजच नव्हती.

आता दोन्ही शब्द उलगडून पाहा. 'नागपूर' : न, काना, ग, प, दीर्घ ऊकार, र. साठवणीचा क्रम आणि दिसण्याचा क्रम एकच. जोडाक्षर नाही, ऱ्हस्व वेलांटी नाही. 'विदर्भ' : व, ऱ्हस्व वेलांटी, द, र, हलंत, भ. वेलांटी 'व'च्या अलीकडे जायला हवी, ती जात नाही. 'र'चा रफार होऊन 'भ'वर चढायला हवा. तो पाय मोडलेला 'र' म्हणून जागीच राहतो. 'महाराष्ट्र' या शब्दाची गत तर याहून वाईट. दहा चिन्हांपैकी दोन हलंत, आणि 'ष्ट्र' हे तिपेडी जोडाक्षर तीन सुट्या तुकड्यांत विखुरलेले.

म्हणजे राजधानीचे वा उपराजधानीचे भाग्य इथे कामाला येत नाही. ज्या गावाच्या नावात जोडाक्षर नाही ते सुटले. 'वर्धा' अडकते, 'अकोला' सुटते; 'चंद्रपूर' अडकते, 'यवतमाळ' सुटते.

१२/
मराठी छपाईचा इतिहास वाचलेल्यांना हा पेच ओळखीचा वाटेल. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिशाच्या खिळ्यांनी देवनागरी छापू पाहणाऱ्यांपुढे हीच अडचण होती. रोमन लिपीचे काम थोड्या खिळ्यांवर भागे. देवनागरीला काने, मात्रा आणि जोडाक्षरे धरून शेकड्यांनी खिळे लागत. मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी ती संख्या आटोक्यात आणण्यासाठी नवे खिळे घडवले. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागरने देखण्या खिळ्यांचा मानदंड घालून दिला, आणि देवनागरी खिळ्यांची संख्या घटवण्याच्या खटपटीत लोकमान्य टिळकांनीही लक्ष घातले.

गणपत कृष्णाजी यांनी मात्र १८३१ मध्ये वेगळी वाट काढली. त्यांनी खिळ्यांच्या फंदात न पडता शिळाप्रेसवर पंचांग छापले. शिळाप्रेसवर लिपीचे नियम यंत्राला शिकवावे लागत नाहीत. हाताने जे लिहिले त्याचा ठसा जसाच्या तसा उमटतो. यंत्राच्या लेखी ते अक्षर नसून चित्र असते, आणि चित्रात वेलांटी कुठे यायची हे लिहिणाऱ्याच्या हाताला ठाऊक असते.

१३/
ग्रबवर मराठी हवी असेल तर आजही हीच वाट चालावी लागते. २००८ मध्ये गूगलच्या उन्हाळी उपक्रमात कोलिन बेनेट या विद्यार्थ्याने ग्रबसाठी चित्रमय मेन्यूची यंत्रणा लिहिली. पुढे ती मुख्य ग्रबमध्ये आली. तिच्यामुळे पार्श्वभूमीला चित्र लावता येते, रंग आणि चौकटी ठरवता येतात, आणि प्रत्येक नोंदीशेजारी तिच्या वर्गानुसार एक छोटे चित्र दाखवता येते. या चित्राची लांबी-रुंदी थीमच्या फाईलमध्ये मालकानेच ठरवायची असते.

युक्ती इथे आहे. पूर्ण सुरू झालेल्या लिनक्सवर, जिथे दुभाषा जागा असतो, तिथे 'विदर्भ' हा शब्द एखाद्या चांगल्या मराठी फॉन्टमध्ये लिहायचा. 'लोहित देवनागरी' चालेल. रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली खुल्या केलेल्या लोहित फॉन्ट-कुटुंबातला तो आहे. त्या शब्दाचे पीएनजी चित्र करायचे, थीमच्या चित्रांच्या कप्प्यात नोंदीच्या वर्गाचे नाव देऊन ठेवायचे, आणि चित्राची रुंदी शब्द मावेल इतकी वाढवायची. 'ग्रब_थीम' या ओळीत थीमच्या फाईलचा पत्ता द्यायचा आणि 'अपडेट-ग्रब' चालवायचे. पुढच्या वेळी यंत्र सुरू होते तेव्हा वेलांटी आपल्या जागी असते आणि रफार 'भ'च्या माथ्यावर. ग्रबला मात्र तो शब्द आहे हे कळलेले नसते. त्याच्या लेखी ते नुसते ठिपके.

१४/
या उपायाची मर्यादाही शिळाप्रेसचीच आहे. 'उबुंटू', 'विंडोज', 'न्यायालयीन काम' अशा ठरलेल्या नोंदींची चित्रे एकदा केली की पुरतात. पण 'प्रगत पर्याय' या पोटमेन्यूत गाभ्याच्या प्रत्येक आवृत्तीचा क्रमांक असतो, आणि तो दर अद्यतनागणिक बदलतो. ती ओळ मराठीत हवी तर दर वेळी नवे चित्र काढावे लागेल. गणपत कृष्णाजींनाही दर वर्षीच्या पंचांगासाठी शिळा नव्याने लिहावी लागे.